नारायणगावच्या राहुट्या आणि काबूलच्या गायिका

नमस्कार,

अफगाणिस्तानातल्या गायिका, वादक, चित्रकार बायकांच्या मागे आपण उभं राहिलं पाहिजे, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता वेगळं उत्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं तुम्ही म्हणता: आपले तमासगीर अर्धपोटी असताना काबूलची उठाठेव कशाला? शिवाय गाणंबजावणं त्यांच्या संस्कृतीतच बसत नाही, तेव्हा तो त्यांचा घरचा प्रश्न. जिथे भाकरीची मारामार आहे तिथे गाण्याचं काय घेऊन बसायचं? आणि ज्या सुटल्या त्या युरोपात सुखात आहेत, गोऱ्या लोकांना टाळ्या वाजवायची सोय झाली, मागे राहिलेलीच्या पदरात काय पडलं?

हा शेवटचा प्रश्न खरा जड आहे, त्याकडे सावकाश येते. आधी संस्कृतीचा, कारण तिथे तुमची माहितीच चुकते आहे.

काबूलच्या जुन्या शहरात खराबात नावाचा मोहल्ला आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वस्ती. एकोणिसाव्या शतकात अमीर शेर अली खानानं हिंदुस्थानातून गवई आणि साथीदार नेऊन काबूलला वसवले, त्यांच्या पुढच्या पिढ्या तिथेच रुजल्या. राग, तबला, ख्याल, फारसी गझल सगळं तिथे एकत्र नांदलं. उस्ताद सराहंग हे तिथलं सगळ्यात मोठं नाव. ते शिकले पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँकडे. आपला सरोद रबाब या तंतुवाद्यापासून आला असं बहुतेक जाणकार मानतात, आणि रबाब तर त्यांच्या घरोघरचा. बायकांचं म्हणाल, तर हेरातच्या बाजूला लग्नात, मेंदीच्या रात्री बायकाच दायरा वाजवून गात. दायरा म्हणजे डफाच्या जातीचं, चौकटीवर चामडं ताणलेलं वाद्य. १९५१ साली परवीन रेडिओ काबूलवरून गायल्या आणि घरात गायलं जाणारं बाईचं गाणं देशभर ऐकू आलं. १९७७ साली गायिका महवश यांना ‘उस्ताद’ हा किताब मिळाला. एका बाईला, अधिकृतपणे. (आपल्या मैफलींच्या पत्रिका आठवून बघा, बाईच्या नावामागे हा किताब किती वेळा छापलेला दिसला?)

२०२४ च्या डिसेंबरमध्ये रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला युनेस्कोच्या वारसायादीत आली, इराण, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान यांच्यासोबत अफगाणिस्तानच्याही नावावर. त्याआधी चारच महिने, ऑगस्टमध्ये, तालिबाननं सद्गुणांच्या प्रसाराचा म्हणून जो कायदा काढला, त्यात बाईचा आवाज ही झाकून ठेवायची गोष्ट ठरवली. चारचौघांत तिनं गायचं नाही, मोठ्यानं काही म्हणायचंही नाही. आता यातली त्यांची संस्कृती कुठली, हे तुम्हीच ठरवा.

सगळं तालिबाननंच आणलं आणि आधी तिथे नंदनवन होतं, असंही मी म्हणत नाही. २०१५ साली चित्रकार कुब्रा खादेमी छाती-नितंबांचा आकार दिलेलं लोखंडी चिलखत अंगावर चढवून काबूलच्या रस्त्यावर चालली. बायकांना येता-जाता जो स्पर्श सोसावा लागतो, त्यावरचं ते उत्तर होतं. काही मिनिटांतच जमाव मागे लागला, धमक्या आल्या, तिला देश सोडून फ्रान्सला जावं लागलं. तेव्हा राज्य तालिबानचं नव्हतं. मार्च २०२१ मध्ये तर काबूलच्या शिक्षणखात्यानंच पत्र काढलं होतं, बारा वर्षांवरच्या मुलींनी जाहीर कार्यक्रमात गाऊ नये म्हणून. पण पुढे काय झालं ते बघा. मुलींनी, बायकांनी आपापली गाणी रेकॉर्ड करून समाजमाध्यमांवर टाकली, बोभाटा झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. भांडण त्यांचं त्यांच्यातच चाललं होतं, आणि त्या वेळी ते मुलींनी जिंकलं. पाच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, तालिबाननं काबूल घेतलं आणि भांडायची सोयच गेली.

आणि घरचा प्रश्न म्हणाल, तर हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली तेव्हा नाकं मुरडणारे इथेच होते. ज्या गोव्यानं केसरबाई दिल्या, मोगूबाई दिल्या, त्या गोव्यात कलावंतिणींच्या घरांना समाज काय म्हणत होता हे मी सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे बाईला लोक बोलत, पोलीस दाराशी येत नव्हते. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही बाई नव्हती. ओरड झाली तेव्हा दोन दिवसांनी दुसरी घेतली, तीत बायका बसल्या. हे आपल्या राजधानीत घडलं. त्यांचं घर नेमकं कुठे संपतं?

भाकरीचं थोडक्यात. कलावंताची भाकरी कलेतूनच येते. जुलै २०२३ मध्ये हेरातला जप्त केलेली वाद्यं रचून पेटवली, त्यात हार्मोनियम होती, तबला होता, गिटार होती, स्पीकर होते. लग्नात वाजवणाऱ्या माणसाचा तबला जाळणं म्हणजे त्याच्या घरची कणीक जाळणं. त्याच महिन्यात बायकांची ब्यूटी पार्लरं बंद केली. सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही. बाईचा आवाज बंद करणारा आणि तिची कमाई बंद करणारा हात एकच आहे, त्यामुळे ‘आधी पोट, मग गाणं’ असा क्रम तिथे लागतच नाही.

आता तमाशा. तुम्ही मला जिथे नेऊन उभं केलंत तिथेच मला उभं राहायचंय. यात्रा-जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी येऊन फड ठरवतात. तिथे जाऊन एखाद्या फडमालकाला म्हणा, तुमची फार दया येते. तो चहा पाजेल आणि विचारेल, सुपारी किती दिवसांची? टाळेबंदीत यात्रा बंद पडल्या तेव्हा फडांना रेशनच्या पिशव्या मिळाल्या, त्या लागतच होत्या. पण फड उभे राहिले ते पुन्हा सुपाऱ्या मिळायला लागल्यावर. ठरलेली तारीख, ठरलेला पैसा, समोर माणसं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते अफगाण सतारवादक मुलीला तितकंच लागू आहे. तिला कार्यक्रम हवा. त्यामुळे तुमच्या तमासगिरांत आणि माझ्या अफगाण बायकांत निवड करायचा प्रसंगच येत नाही. दोघींसाठी मागणी एकच आहे आणि ती करायची सवय आपल्याला एकीसाठीसुद्धा नाही.

तर युरोपातल्या ‘सुखा’बद्दल. २०१० मध्ये अहमद सरमस्त यांनी काबूलला राष्ट्रीय संगीत संस्था सुरू केली. मुलं-मुली एका वर्गात, अनाथ आणि रस्त्यावर वस्तू विकणारी मुलंही त्यात. अफगाण वाद्यांबरोबर सतार-तबला आणि पाश्चात्त्य वाद्यंही शिकवली जात. २०१४ मध्ये काबूलच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात नाटक चालू असताना आत्मघाती स्फोट झाला, सरमस्त प्रेक्षकांत होते, त्यांच्या कानांना जबर इजा झाली. बरे होऊन ते परत कामावर आले. त्याच संस्थेतल्या मुलींचा ‘जोहरा’ वाद्यवृंद २०१७ मध्ये दावोसला वाजवून आला. निगीन खपलवाक या तरुण मुलीनं त्याचं संचालन केलं होतं. २०२१ मध्ये संस्था बंद पडली. विद्यार्थी, शिक्षक, काही कुटुंबीय धरून २७३ माणसं दोहामार्गे बाहेर काढावी लागली आणि डिसेंबरमध्ये ती पोर्तुगालला पोहोचली. यातली कितीतरी पोरं आईबापांना मागे ठेवून आली होती. भाषा नवी, थंडी नवी आणि रात्री फोनवर घरची खबर. याला सुख म्हणायचं तर म्हणा.

आणि पुढचं ऐका. २०२४ मध्ये याच मुलामुलींचा युवा वाद्यवृंद इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला होता. सभागृहं ठरलेली, तिकिटं विक्रीला. ऐन तोंडावर ब्रिटिश गृहखात्यानं व्हिसा नाकारला. बाहेर गवगवा झाल्यावर निर्णय फिरवला आणि दौरा पार पडला. टाळ्या त्यानंतरच्या. त्या मुलांना तिथे पोहोचवलं ते तारीख पक्की करून तिच्यावर अडून बसलेल्या आयोजकांनी आणि आरडाओरडा करणाऱ्या लोकांनी.

शिवाय पोर्तुगालला पोहोचले ते मूठभर. पुष्कळ कलावंत सीमा ओलांडून पेशावरला गेले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पाकिस्ताननं कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना परत धाडायला सुरुवात केली. आम्हाला पाठवू नका म्हणून तिथल्या वादकांना हायकोर्टात जावं लागलं. आपणही फार वर मान करून बोलू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतानं अफगाणांना आधी दिलेले व्हिसा सरसकट रद्द केले, आणि इथल्या विद्यापीठांत नाव घातलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. पुण्याला हे सांगावं लागू नये, कित्येक वर्षं अफगाण मुलं-मुली इथे शिकत आली आहेत.

मागे राहिलेलीच्या पदरात काय, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवंय तेवढं मोठं नाही. आतल्या बाईसाठी बाहेरून करता येण्यासारखं थोडंच आहे. बाहेर पडलेली शिक्षिका आतल्या मुलीला फोनवरून शिकवू शकते, म्हणून बाहेरचीला टिकवणं हे आतलीसाठीही असतं. हा धागा किती कच्चा आहे ते २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस दिसलं, देशभरचं इंटरनेट दोन दिवस बंद पडलं तेव्हा. आणि एक गोष्ट आपण करू नये अशी आहे. बाईच्या आवाजावरच्या त्या कायद्यानंतर कितीतरी बायकांनी घरात गाऊन व्हिडिओ टाकले, काहींनी चेहरा झाकून, काहींनी उघड्या चेहऱ्यानं. आपल्याकडे ते ‘वाघीण!’ म्हणून फिरले. कुणी त्यात शहराचं नावही चिकटवलं. ती बाई कुठल्या गावची हे शोधून काढण्यात ज्यांना रस आहे, त्यांचं काम आपण कशाला सोपं करावं?

‘ही सगळी फॅशन आहे’ हे तुमचं वाक्य मात्र मला अर्धं पटतं. अशा कलावंताची आपल्याकडची ओळख कशी करून देतात बघा: तालिबानच्या तावडीतून सुटलेली अमुक अमुक, मग बुरख्याबद्दल तीन प्रश्न, मग अश्रू, आणि ती वाजवते काय हे शेवटच्या ओळीत. मानधनाचं विचारलं की ‘चांगल्या कामासाठी आहे’. एवढंच करायचं असेल तर नका करू, तुमच्याशी माझं भांडण नाही.

पण संगीतमहोत्सव किंवा व्याख्यानमाला ठरवणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी. निमंत्रणाचं पत्र कित्येक महिने आधी द्या, निर्वासिताच्या प्रवासाच्या कागदांवर व्हिसा मिळायला वेळ लागतो आणि पत्रावर तारीख, जागा, मानधन स्पष्ट असेल तर बरं पडतं. व्हिसा नाहीच मिळाला तर पडद्यावरून मैफल करा, पण ठरलेले पैसे तेवढेच द्या. पत्रिकेत वाद्य आणि गुरूचं नाव आधी छापा. फोटो छापण्यापूर्वी तिला विचारा, आणि तिच्या घरचं कुणी अजून तिकडे असेल तर ती नाही म्हणेल हे धरून चाला.