डेटा फ्रेम कधीच कळू नये म्हणून घ्यायची काळजी

आंबा संपला, पाऊस लागला, लाईट तासाला दोनदा जातेय आणि अशात देवगडच्या घरी पडवीत बसून तुम्हाला आर (R), म्हणजे आकडेवारीवर काम करायची ती प्रोग्रामिंग भाषा, शिकायची हुक्की आलीय, तर आधी अभिनंदन. शिका, जरूर शिका. फक्त डेटा फ्रेम म्हणजे नक्की काय या भानगडीत पडू नका. मी चार महिने पडलो नव्हतो, मस्त चाललं होतं.

मुख्य म्हणजे आयरिस, म्हणजे आरसोबतच येणारा फुलांच्या मापांचा डेटा, सोडायचं नाही. शिकवणारे बहुतेक सगळे त्यावरच हात बसवून घेतात. 150 फुलं, तीन जातींची बरोब्बर 50-50, पाच कॉलम, एक खाना रिकामा नाही. संख्याशास्त्रवाल्या फिशर साहेबांनी 1936 साली आपल्या पेपरात वापरलेला डेटा, तेव्हापासून इतका घासून पुसून लख्ख झालाय की त्याच्यावर काहीही चालवा, उत्तर येतंच आणि आपण हुशार आहोत असं वाटतं. त्यातच वर्ष काढा. घरातल्या वहीकडे ढुंकून बघू नका.

मी बघितलं, तिथेच फसलो. आमच्या तात्यांची आंब्याच्या ऑर्डरींची वही आहे, त्यातल्या चार ओळी ट्रायल म्हणून एक्सेलात चढवल्या. नाव, गाव, पेट्या, दर. दराच्या खाली फेब्रुवारीची पेटी 12000, एप्रिलची 6000, मेची 2500 आणि चौथ्या ओळीत तात्यांनी दराच्या जागी लिहिलेलं, उधार. मी पडलो प्रामाणिक, इंग्रजी अक्षरात तेही जसंच्या तसं उतरवलं. तुम्हीपण असंच करा, आकड्यांच्या कॉलमात एखादा शब्द असला की जरा जिवंतपणा येतो.

(पुढचं वाचू नका, उगाच समजून जाईल. डेटा फ्रेम दिसायला टेबल असलं तरी आतून ते उभं असतं. सारख्या लांबीचे वेक्टर, म्हणजे एकेका कॉलमची यादी, शेजारी शेजारी उभे केलेले, आणि एका वेक्टरात एकाच जातीचा माल, नंबर तर सगळे नंबर, अक्षरं तर सगळी अक्षरं. हापूसच्या पेटीत एक रायवळ सापडला की आढत्या अख्ख्या पेटीला रायवळचा भाव लावायला बघतो ना, तसं त्या एका उधारीपायी 12000 सकट सगळा कॉलम अक्षरांत गेला.)

पण तुम्हाला हे दिसणारच नाही, कारण तुम्ही हेड (head) नावाचं फंक्शन चालवणार. हेड वरच्या सहा ओळी दाखवतो, म्हणजे पेटीचा वरचा थर, आणि वरचा थर कसा लावतात ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तिथे 12000 हा 12000 च दिसतो, आत नंबर असो की अक्षरं. पेंढा बाजूला करून खाली बघायचं असेल तर एसटीआर (str) नावाचं फंक्शन आहे, कुठला कॉलम नंबर, कुठला कॅरेक्टर म्हणजे अक्षरं, कुठला फॅक्टर (तो पुढे येतोच) सगळं एका दमात सांगतं. ते अजिबात चालवायचं नाही.

मी नाहीच चालवलं. थेट सरासरी मागितली, आर नाही म्हणाला, मग मी पण कोकणातला, दामटून कॉलमचे नंबर करायला लावले. लॅपटॉप जुना, त्यात आर पण तीन पॉइंट काहीतरी. 2020 च्या एप्रिलमध्ये 4.0.0 येईपर्यंत फाईल वाचताना आर अक्षरांचा कॉलम न विचारता फॅक्टर करून टाकायचा, आणि फॅक्टर म्हणजे वेगवेगळ्या किमतींची डिक्शनरीसारखी क्रमाने यादी, खान्यात फक्त त्या यादीतला अनुक्रमांक. डिक्शनरीत 12000 एकाने सुरू होतो म्हणून पहिला, 2500 दुसरा, 6000 तिसरा आणि उधार चौथा. सरासरी आली अडीच. अडीच रुपये पेटी, देवगड हापूस! आणि सगळ्यात चढा भाव कोणाला लागला, तर ज्याने अजून एक दमडी दिलेली नाही त्याला.

नवीन आर टाकलंत तर ही मजा गेली. तिथे अक्षरं अक्षरंच राहतात, दामटलं तर उधारीच्या जागी एनए (NA), म्हणजे ‘माहीत नाही’, येतो आणि खाली वॉर्निंग. वॉर्निंग वाचायची नसते, ती एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखी असते. मग सरासरी पण एनए, म्हणजे आरचं म्हणणं असं की एकाचा दर ठाऊक नाही तर चौघांची सरासरी मी कुठून सांगू. एनए वगळून काढ असं सांगितलं की 6833 येतात, पण तुम्ही तसं न करता एनएच्या जागी शून्य भरा, 5125 येतील. उधार आणि फुकट यातला फरक वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो, पण आपण कॉम्प्युटरवर काम करतोय.

आणि हो, हाताने फ्रेम बनवताना चार नावांना तीन गावं दिली तर आर एरर देऊन भांडतो, म्हणून दोनच द्या. दोन दिली की गुपचूप तीच परत लावतो, तिसऱ्याला पहिल्याचं गाव, चौथ्याला दुसऱ्याचं. गाडी भरून निघेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

शेवटी मी सगळी वही चढवली आणि वहीत असते तशी खाली एकूणची ओळ पण ठेवली, 340 पेट्या. आरला ती ओळ आणि गिऱ्हाईक सारखंच, बेरीज 680 आली. पेट्यांप्रमाणे उतरती यादी लावून प्रिंट काढली आणि तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी चष्मा वर केला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हो एकूण कोण रे? खंयचो?"

मी गप्प.

"तीनशे चाळीस घेतल्यान म्हणजे मोठो माणूस असतलो. फुडल्या वर्षाक तेका आधी फोन कर."