खोलीच्या बिलातली एक ओळ

लिस्बनमधल्या एका मध्यम हॉटेलाच्या हिशेबखात्यात मी गेली अनेक वर्षे काम करतो, आणि पाहुण्यांकडून जमा झालेला पर्यटक-कर नगरपालिकेकडे भरणे हे माझ्याच वाट्याचे काम आहे. बिलात खोलीभाड्याखाली वेगळ्या ओळीत छापला जाणारा हा कर २०१६ मध्ये दर रात्री माणशी १ युरो होता, २०१९ मध्ये तो २ युरो झाला आणि सप्टेंबर २०२४ पासून ४ युरो आहे. सात रात्रींनंतर तो लागत नाही आणि लहान मुलांना माफ असतो. पाहुणे क्वचितच कुरकुरतात. कुरकूर करायचे ते हॉटेलवाले, आणि पहिल्या वर्षी त्यांत आमचे मालकही होते.

घरची, म्हणजे गोव्याची, वर्तमानपत्रे वाचताना ही ओळ मला हटकून आठवते. दोनापावलाला कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे मोठ्या परिषदांसाठीची इमारत, होणार की नाही, परदेशातल्या पर्यटन मेळ्यांत सरकारने स्टॉल मांडून काय मिळवले, कळंगुट पंचायतीने २०२४ मध्ये पर्यटकांवर प्रवेशकर बसवण्याचे ठरवले ते योग्य की आगाऊपणाचे, असे वाद गोव्यात हिरीरीने चालतात. त्यांत खर्चावर बोट ठेवणारे पुष्कळ असतात. पण परिषदांच्या पर्यटनाचा, म्हणजे परिषदा आपल्या गावी भरवून पाहुणे आणण्याचा, प्रचार नेमका कोणी करावा, त्यासाठीचा पैसा कोणत्या खिशातून यावा आणि त्याचा हिशेब कोणाच्या हाती असावा, हे विचारणारा विरळाच.

लिस्बनमध्ये हे काम कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही. १९९७ मध्ये नगरपालिका आणि हॉटेले, प्रवाससंस्था यांसारखे व्यावसायिक यांनी मिळून एक संघटना स्थापली आणि परिषदा शहरात आणण्याचे कामही तिच्याकडेच दिले. सभासदांची वर्गणी तिला मिळतेच, शिवाय रुआ आउगुस्ताच्या कमानीवर चढण्याच्या तिकिटांसारखे स्वतःचे उत्पन्नही ती कमावते. पर्यटक-करासाठी वेगळा निधी आहे. अजुदा राजवाड्याची सुमारे दोन शतके अर्धवट राहिलेली पश्चिम बाजू त्यातून पुरी झाली आणि २०२२ मध्ये तिथे राजघराण्याच्या जडजवाहिराचे संग्रहालय उघडले. आपल्याकडे देवळाच्या जत्रेचा खर्च महाजन, म्हणजे देवस्थानाचे सभासद, वाटून घेतात आणि नंतर बैठकीत हिशेब वाचला जातो, तसाच काहीसा हा व्यवहार आहे. ज्याने पैसे घातले, तो आकडे ऐकायला हजर असतो.

म्हणून इथे सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. वेब समिट हा तंत्रज्ञानाचा मेळावा २०१६ मध्ये डब्लिनहून लिस्बनला आला आणि तो इथेच राहावा म्हणून २०१८ मध्ये सरकारने व नगरपालिकेने २०२८ पर्यंत वर्षाला १ कोटी १० लाख युरो देण्याचे मान्य केले. त्या आठवड्यात आमच्या खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात आणि मालक खूश असतात. पण जुन्या वस्तीतल्या ज्या भाडेकरूची खोली पाहुण्यांसाठी रिकामी करून घेतली गेली, त्याला या मेळाव्याचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे? एका खासगी आयोजकाला दहा वर्षांचे वचन देणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

मला मोलाचे वाटते ते त्याहून साधे, कमी गाजावाजा असलेले काम. डॉक्टरांच्या किंवा शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या परिषदेचे ठिकाण तीन ते पाच वर्षे आधी ठरवतात आणि बहुधा त्या शहरातल्या एखाद्या सभासदानेच निमंत्रण द्यावे लागते. अशा प्राध्यापकाला हाताशी धरून सभागृहाची तारीख राखणे, दहा हॉटेलांकडून एकत्र दर घेणे आणि प्रस्ताव लिहून देणे हे ब्यूरोचे, म्हणजे परिषदा शहरात आणणाऱ्या कार्यालयाचे, काम असते. आज घातलेल्या पैशाचे फळ पुढच्या निवडणुकीनंतर दिसते आणि म्हणूनच ते मंत्र्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

गोव्याने पाहुणे काही कमी पाहिलेले नाहीत. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाचे नेते आग्वादला येऊन राहिले, २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्स झाली, २०२३ मध्ये जी-२० च्या बैठका झाल्या, २०२४ मध्ये बेतूलला इंडिया एनर्जी वीक भरला. पण या परिषदा दिल्लीने ठरवल्या आणि गोव्याने पंगत वाढली. स्वतः मागून आणलेल्या परिषदा किती, याचे उत्तर देताना आपण अडखळू. समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था दोनापावलालाच आहे, ध्रुवीय संशोधनाची वास्कोला आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते. परिषदेचे निमंत्रण देण्याचा खरा अधिकार असलेली माणसे आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी प्रस्ताव लिहून देणारे टेबल हवे. समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांना ऐन पावसाळ्यात गोव्यात बोलावता आले तर जून ते सप्टेंबरच्या रिकाम्या खोल्याही भरतील.

या टेबलाचा खर्च लिस्बनसारख्या पर्यटक-करातून काढावा म्हटले, तर गोव्यातले हॉटेलवाले नव्या कराच्या नावाने उसळतील, हे मला ठाऊक आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला आधीच १८ टक्के जीएसटी लागतो, वर आणखी एक ओळ कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर माझे म्हणणे इतकेच, की हा पैसा सरकारी तिजोरीत मिसळणार असेल तर त्यांनी जरूर विरोध करावा. मात्र निधी वेगळा असेल, त्यावर हॉटेलवाल्यांबरोबर कळंगुट, कोलवा यांसारख्या पंचायतींचे लोक बसणार असतील आणि गावातला कचरा उचलण्याच्या खर्चाचा वाटा आधी बाजूला काढला जाणार असेल, तर खोलीमागे अगदी थोडी रक्कमही पुरेशी होईल. इमारतीचे नंतर पाहता येईल. ताळगावचे श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम आणि मोठ्या हॉटेलांची सभागृहे सुरुवातीला चालून जातील. पणजीत पाटोवर भाड्याची एक खोली आणि पाच वर्षांसाठी नेमलेली तीन-चार माणसे, एवढ्यावर पहिला प्रस्ताव लिहून होतो.