मावशी, गाठ आवाजाने विरघळत नाही

मंगळवारी मावशीचा फोन. "अगं, ऑपरेशनची तारीख पुढं ढकललीय मी. आता आवाजानेच गाठ विरघळते म्हणे." गाठ स्तनातली, बायोप्सीत कॅन्सर निघालेली. मेसेज भिशीच्या ग्रुपवरचा. तोच माझ्याकडेही दोनदा आला होता आणि मी न वाचता पुसला होता, याची आता चुटपुट लागलीय.

मेसेजचा सारांश: हायफू नावाच्या मशीनने शरीरातली कुठलीही गाठ, कॅन्सरचीसुद्धा, तासाभरात विरघळते, चिरा नाही, भूल नाही, साइड इफेक्ट शून्य, मशीन म्हणजे साधी सोनोग्राफीच, डॉक्टर मुद्दाम लपवतात.

हायफू खरंच आहे, चिरा लागत नाही हेही खरं. तेवढं देऊन टाकते. तीव्र अल्ट्रासाउंड लहरी एका बिंदूवर एकवटल्या की तिथलं तापमान 60 अंशांच्या आसपास किंवा वर जातं आणि पेशी मरतात.

पण "कुठलीही गाठ"? या लहरी हवेतून नीट जात नाहीत, त्यामुळे फुप्फुस आणि वायू भरलेलं आतडं इथेच अडचण. आणि विरघळत काही नाही. मेलेला भाग आतच राहतो, हळूहळू आक्रसतो. मावशीचं दुखणं तर याहून वेगळं. ऑपरेशनमध्ये गाठ बाहेर येते, पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडा तपासतो, मागे काही राहिलं का ते बघतो. काखेतल्या ग्रंथी तपासतात. पुढे केमो की रेडिएशन, हे बरंचसं त्या रिपोर्टवर ठरतं. जाळलेल्या गाठीची कड कोण तपासणार? स्तनाच्या कॅन्सरवर हायफूचे प्रयोग झालेत, पण त्याने ऑपरेशनची जागा घेतलेली नाही. आणि निदान झालेली बाई घरात बसून मशीनची वाट बघत राहिली, तर कॅन्सर काही तिच्यासाठी थांबत नाही.

"साइड इफेक्ट शून्य" म्हणणाऱ्याने 2016 चा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला अभ्यास बघावा. हात थरथरण्याच्या आजारावर मेंदूत हायफूचा उपचार, 76 रुग्ण. तीन महिन्यांत उपचार झालेल्यांच्या हाताचा कंप सरासरी 47 टक्के कमी झाला, छानच. पण 36 टक्क्यांना चालताना तोल सांभाळणं जड गेलं, 38 टक्क्यांना मुंग्या-बधिरपणा. वर्षानंतरही अनुक्रमे 9 आणि 14 टक्क्यांना ते उरलंच होतं. आणि यासाठी डोक्याचे सगळे केस काढतात, जागा बधिर करून कवटीला स्क्रूने चौकट बसवतात. प्रोस्टेटसाठी तर कमरेखालची किंवा पूर्ण भूल देतात, वर काही दिवस लघवीची नळी. "भूल नाही" हे कोणी लिहिलं?

साधी सोनोग्राफी म्हणे! ती बघते, हे जाळतं. एका वेळी साधारण बासमतीच्या दाण्याएवढा भाग. म्हणून फायब्रॉइडसाठी, म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठींसाठी, बाईला एमआरआयमध्ये तीन-चार तास पालथं पडून राहावं लागतं.

लपवण्याचं काय? याच फायब्रॉइडसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2004 सालीच हायफूला मंजुरी दिली. जाहीरपणे.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "पण नळी तर ऑपरेशननंतरही लावतात ना?" लावतात, म्हटलं. काखेच्या बाजूला, पाणी काढायला, थोडे दिवस. "मग उद्या दवाखान्यात तूच फोन कर. मला ओरडतील ते."