'खडकप्रेमी' यांना उत्तर: दगड हातात घेतलाय की नाही

खडकप्रेमी,

'खडकांचे तीन प्रकार' (अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपलो. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली आणि चहा गार झाला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या तक्रारी अशा: जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, तिन्हींपैकी कशात बसतो ते मी लिहिलं नाही, कडप्प्याला अग्निजन्य म्हटलं आणि रूपांतरित खडक चार ओळींत उरकले. शेवटी हे: 'लेखकाने जन्मात दगड हातात घेतला असेल असं वाटत नाही. नववीचं भूगोलाचं पुस्तक मात्र घेतलेलं दिसतं.'

आधी कडप्पा. चूक माझी. कडप्पा हा चुनखडक, म्हणजे गाळाचा खडक. शहाबादी फरशीही तशीच. काळ्या रंगामुळे लिहिताना हात घसरला. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या थेंबांचे फिके डाग आहेत. चुनखडकाला आंबट लागलं की असंच होतं, आणि ते डाग मी रोज पुसतो. तेव्हा हे मला ठाऊकच नव्हतं असं कृपया समजू नका.

आता तुमचं ते 'जन्मात'.

माझ्या वडिलांचं गाव नगर जिल्ह्यात. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या विहिरीचं काम निघालं. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. मांजऱ्या ऐकलाय ना कधी? लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे आत अडकतात आणि दगडाला भोकं राहतात. पुढे झिरपत्या पाण्यातून त्या भोकांत पांढरी खनिजं भरतात. सुरुंग उडून धूर बसला की आम्ही पोरं ढिगाऱ्यावर तुटून पडायचो. असाच एक मुठीएवढा तुकडा मला सापडला. बाहेरून तपकिरी, मोडल्या जागी वाटाण्याएवढी भोकं, आणि एका मोठ्या भोकात गुलाबीसर स्फटिकांचा झुबका, मधे आवळलेल्या पेंढीसारखा. आम्ही त्याला गारगोटीच म्हणायचो. ते स्टिल्बाइट नावाचं खनिज आहे हे कळायला कॉलेज उजाडलं. तो दगड आत्ता लॅपटॉपशेजारी आहे. हा उचलला, हातात घेतला, परत ठेवला. झालं समाधान?

खालच्या पाषाणाने तर पहारींची टोकं बोथट केली. रोज संध्याकाळी पहारी लोहाराकडे शेवटायला, म्हणजे टोकं पुन्हा काढून घ्यायला, जायच्या आणि एक बाजू धरायला मी असायचो. त्या पाषाणात दाणा म्हणून डोळ्याला दिसत नाही, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थिजला. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश निवतो, म्हणून त्याचे दाणे दिसतात. हे मी पुस्तकात वाचलं, कबूल. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे त्या विहिरीची भिंत येते, पुस्तकातली आकृती नाही.

बरं, आजोळ राजापूरकडचं. मामाची चिरेखाण होती, म्हणजे तुमच्या त्या जांभ्याचीच. मे महिन्याच्या सुटीत आमचे पाय ढोपरापर्यंत तांबडे असायचे आणि आजी तसं घरात घ्यायची नाही. नुकता काढलेला चिरा इतका मऊ की कोयत्याने तासावा. ऊन-वारा खाल्ला की तोच टणक होतो. काळ्या पाषाणावर उष्ण हवा आणि धो धो पाऊस लाखो वर्षं राबला. सिलिका धुपून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तो हा जांभा. खाणीच्या तळाला पांढुरकी चिकणमाती लागली की मामा म्हणायचा, "संपला चिरा, चला." फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या याच दगडाला लॅटराइट नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. मामाला बुकानन ठाऊक नव्हता. तुम्हाला असेलच.

तर जांभा कशात बसतो? काही जण त्याला गाळाच्या खात्यात टाकतात, काही जण वेगळा ठेवतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, होईल तेव्हा होईल.

रूपांतरित खडकांच्या चार ओळींबद्दल काय बोलू? उष्णता आणि दाब यांनी चुनखडकाचा संगमरवर होतो, वाळूखडकाचा क्वार्ट्झाइट, शेल या चिखलाच्या खडकाची स्लेट. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टने झाकलेला असताना मी बेसॉल्टला जास्त जागा दिली, तर कुणाचं काय गेलं? रूपांतरित खडकांच्या भंडारा-गडचिरोलीचा वाचक रागावला असता तर मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. तुम्ही कुठले ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि नववीचं पुस्तक माझ्याकडे नाही. मुलीचं सहावीचं आहे.

चूक दाखवलीत याचा राग नाही, खरंच नाही. 'कडप्पा चुनखडक आहे हो' एवढं लिहिलं असतंत तर आभार मानून मोकळा झालो असतो. पण लोकांना जन्म काढायची सवय असते, त्याला इलाज नाही.

कडप्प्याची ओळ दुरुस्त केली आहे आणि लेखाखाली तसं नोंदवलंही आहे. तिथे तुमचं नाव घालणार होतो, पण तुम्ही ते दिलेलंच नाही.