३१ मे, सेवापुस्तक आणि परदेशी सिनेमे

येत्या ३१ मेला मी निवृत्त होतेय. त्याच दिवशी आमच्या परभणी जिल्ह्यातले आणखी कितीतरी जण निवृत्त होतील. आमच्या पिढीतल्या लेकरांना शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावली, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. म्हणून मराठवाड्यातल्या कुठल्याही कार्यालयात ३१ मेला हारांची नुसती रीघ लागते. माय सांगते, तू झालीस तेव्हा तुरी काढणं चालू होतं. म्हणजे डिसेंबर, नाहीतर जानेवारी. साल कोणतं, ते तिलाही पक्कं सांगता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची तेव्हा मी तिच्या पदराला धरून चालायचे आणि सुकडी खायचे, एवढं मात्र दोघींनाही आठवतं.

गेलं वर्षभर लोक मला दोनच गोष्टी म्हणतात. एक, "सुटलात मॅडम आता!" दुसरी, "वेळ कसा जाणार हो तुमचा?" दोन्ही वाक्यं मला लागतात. सुटायला मी काही कैदेत नव्हते. आणि वेळेची काळजी मला मुळीच नाही. मी थकलेय. हे सरळ शब्दांत सांगितलं की समोरचा माणूस गडबडतो, विषय बदलतो, नाहीतर योगासनं सुचवतो. थकवा म्हणजे आळस किंवा आजार, असं आपण धरूनच चाललोय. मला त्याबद्दल लिहायचंय, आणि ज्या सिनेमांनी मला तो समजावला त्यांच्याबद्दलही.

मी एका शासकीय कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. सोप्या भाषेत, दुसऱ्यांची पेन्शन मार्गी लावणं हे माझं काम. माणूस निवृत्तीला आला की त्याचं सेवापुस्तक माझ्या टेबलावर येतं. पहिल्या पानावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, उंची, ओळखीची खूण. 'उजव्या भुवईवर व्रण', 'गळ्यावर तीळ'. पुढं बदल्या, वेतनवाढी, रजा, सगळ्या वेतन आयोगांच्या वेतननिश्चिती. एखादी नोंद साक्षांकित नसते, एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीच झालेली नसते, मग ज्या कार्यालयात तो माणूस वीस वर्षांपूर्वी होता तिथं पत्रं पाठवायची, फोन करायचे. वेतन पडताळणीचा शिक्का झाला की प्रकरण नागपूरला महालेखापालांकडं, म्हणजे पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडं. तिथून त्रुटी निघाली की परत माझ्याकडं.

त्या कागदांत नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. मला आमच्या शाखेतली सगळ्यात आवडती वस्तू कोणती विचाराल तर हा फोटो. बहुतेकांनी तो पेन्शनसाठीच म्हणून स्टुडिओत जाऊन काढलेला असतो. लग्नानंतर दोघं मिळून कॅमेऱ्यासमोर बसण्याची बऱ्याच जणांची ती पहिलीच वेळ. बाई नवी साडी नेसलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून, नजर सरळ. माणूस शर्टाचं वरचं बटण लावून ताठ. दोघांच्या मध्ये चार बोटांचं अंतर. ते अंतर बघत मी कितीदा तरी काम थांबवून बसलेय. ज्यांचा जोडीदार गेलेला असतो, ते एकट्याचा फोटो देताना उगीचच "हा चालेल ना?" असं विचारतात.

हे काम मला आवडतं. थकवा या कामाचा नाहीच. थकवा येतो तो एकच माहिती तीन वेगवेगळ्या विवरणपत्रांत तीनदा भरून देण्याचा, प्रत्येक कागदावर 'अतितातडीचे' लिहिलेलं असण्याचा, रिकाम्या पदांचा अतिरिक्त कार्यभार वर्षानुवर्षं वाहण्याचा. पाच दिवसांचा आठवडा झाला, सव्वासहा वाजता कार्यालय सुटतं, पण संध्याकाळी घरी निघताना 'आज एक काम पुरं केलं' असं वाटत नाही. उरलेलंच डोक्यात घेऊन माणूस बाहेर पडतो. डोळे आणि मनगट दुखतात, ते सहन होतं. हे सहन होत नाही.

सिनेमे बघायला लागले त्याला कारण लेक. ती पुण्याला असते, तिनं घरच्या टीव्हीवर परदेशी सिनेमांची सोय करून दिली. खाली अक्षरं वाचत सिनेमा बघायची मला सवय होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी बंगाली, मल्याळी सिनेमे लागायचे, ते आम्ही शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीनं बसून बघितलेत. मिस्टर जेवून लवकर झोपतात. माझा सिनेमा नंतर सुरू होतो.

जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'इकिरू' पहिल्यांदा बघितला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. १९५२ चा सिनेमा, टोकियोतलं सरकारी कार्यालय, आणि टेबलावरच्या कागदांच्या थप्प्यांमागं बसून शिक्के मारणारा एक विभागप्रमुख, वातानाबे. नोकरीची तीस वर्षं व्हायला आलेली, आणि पोटात कर्करोग. सुरुवातीलाच एका वस्तीतल्या बाया येतात. सांडपाण्याचं डबकं बुजवा, लेकरं आजारी पडतायत, असं त्यांचं गाऱ्हाणं. त्यांना या विभागातून त्या विभागात, तिथून आणखी पुढं, असं फिरवत फिरवत थेट उपमहापौरांपर्यंत नेतात आणि तिथून परत पहिल्याच खिडकीवर पाठवतात. त्या बायांचे चेहरे मी रोज बघते. पाथरीहून, गंगाखेडहून सकाळची एसटी धरून आलेल्या, पिशवीत कागद आणि भाकरी घेतलेल्या.

पुढं वातानाबे त्या डबक्याच्या जागी लेकरांसाठी बाग करून घेतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मला हलवलं ते त्याच्या मृत्यूनंतरच्या भागानं. सिनेमा बराच उरलेला असतानाच नायक जातो. मग त्याच्या फोटोसमोर सहकारी जमतात, पितात, आणि एकेक जण एकेक आठवण काढतो. वातानाबे एकेका विभागात जाऊन तासन्‌तास उभा राहिला होता. त्याला धमकावलं तरी तो हटला नव्हता. असे तुकडे जोडत जोडत त्यांना कळतं की बाग कुणी केली. शेजारच्या टेबलावर बसणारी माणसं! हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत चाललेलं होतं आणि कुणी पाहिलंच नव्हतं.

मला वाटतं थकव्याचं मूळ इथं आहे. काम जड असतं म्हणून माणूस मोडत नाही. आपलं काम कुणी नीट बघितलेलंच नाही, हे कळायला लागतं तेव्हा तो मोडतो. आपल्याकडं कामाचा निकाल बघतात. पेन्शन सुरू झाली का, बिल निघालं का, एवढंच. काम होताना कुणी बघत नाही. या सिनेमांत मला तेच बघणं सापडलं.

डी सिका या इटालियन दिग्दर्शकाचा 'उम्बर्तो डी' हा सिनेमाही १९५२ चाच. त्याची सुरुवात होते पेन्शनरांच्या मोर्च्यानं. म्हातारी माणसं पेन्शनवाढ मागत रस्त्यावर उतरलीत आणि पोलीस त्यांना पांगवतायत. मार्च २०२३ मध्ये आम्ही 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर होतो. मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, मला जुनी पेन्शन आहे. पण त्या तारखेपासून पुढं लागलेल्या, शेजारी बसलेल्या पोरांना नव्हती, म्हणून आम्ही जुनेही बसलो होतो. तो मोर्चा बघताना मला रोम काही लांब वाटलं नाही. त्यातला म्हातारा निवृत्त सरकारी नोकर आहे, खोलीचं भाडं थकलंय, एक कुत्रा सोडला तर जवळचं कुणी नाही. एकदा तो भीक मागायची ठरवून हात पुढं करतो. समोरचा माणूस खरंच थांबून खिशात हात घालतो, तशी म्हातारा तळहात पालथा करतो, पाऊस पडतोय का बघतोय असं दाखवतो. म्हाताऱ्याची भूमिका करणारा माणूस नट नव्हताच, भाषाशास्त्राचा प्राध्यापक होता, असं नंतर वाचलं. माझ्याकडं येणाऱ्या माणसांचे हात मी तेव्हापासून जास्त बघते.

त्याच सिनेमात घरकाम करणाऱ्या एका पोरीची सकाळ आहे. ती उठते, स्वयंपाकघरात येते, कॉफी दळायला बसते, बसल्या बसल्या पाय लांब करून अंगठ्यानं दार लोटायला बघते. संवाद नाही, घटना नाही. कॅमेरा तिचं काम बघत बसलाय, बस. माय आमच्याकडंच असते, ती त्या दिवशी जागी होती आणि माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिला मराठीसुद्धा वाचता येत नाही, मग त्या खालच्या इंग्रजी ओळी काय वाचणार! पोरीनं पोटाकडं बघितलं, डोळ्यांत पाणी आलं, तशी माय म्हणाली, "पोटुशी हाय ती. अन् सांगायला कुणी न्हाई तिला." खरंच तसं आहे सिनेमात. मी मायला म्हणाले, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "कामात हात कसा चालतुया त्येवरून कळतं, माय."

मग मीच तिला विचारलं, तू थकली नाहीस का गं कधी? तर म्हणाली, "मला कोन रिटायर करणार व्हतं?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पेन्शनवर, उपदानावर म्हणजे ग्रॅच्युइटीवर, शिल्लक अर्जित रजेच्या रोखीकरणावर बोलू शकते. तिनं खडी फोडली, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला, चार लेकरं वाढवली, त्याचं सेवापुस्तक कुणी ठेवलं नाही. दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आपण रस्त्यावर बघतो. त्यात बसलेल्या बायांची निवृत्ती कंबर गेली की होते. निवृत्तीची तारीख असणं हेच आपल्या भागात भाग्याचं आहे, आणि ते भाग्य ज्यांना मिळालं त्यांनी थकव्याबद्दल बोलायचंच नाही असं मला वाटत नाही. आपण बोललो तर तिच्याही थकव्याचं नाव निघेल.

'परफेक्ट डेज' हा सिनेमा अलीकडचा, २०२३ चा. दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन, सिनेमा टोकियोतला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत मोठे झालेलो आम्ही, त्यामुळे हा सिनेमा मी हक्कानं लावला! त्यातला हिरायामा सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो. छोटा आरसा घेऊन भांड्याच्या खालची, कुणाला कधीच न दिसणारी बाजूही तपासतो. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. लोक म्हणतात, हा सिनेमा कष्टाला फार गोड करून दाखवतो. थोडं खरं आहे. आमच्या कार्यालयातलं स्वच्छतागृह साफ करणाऱ्या ताईला हातमोजे मिळावेत म्हणून किती टिपण्या लिहाव्या लागल्या ते मला माहीत आहे, टोकियोसारखी साधनं तिच्या स्वप्नातही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी दहा मिनिटं बोलले. कुठला कोपरा सगळ्यात त्रासाचा, पाणी कधी येतं, ॲसिडनं नखं कशी जातात. आजवर रोज 'नमस्कार' व्हायचा, त्यापलीकडं मी काही विचारलं नव्हतं.

आता निरोप समारंभाबद्दल. शाल, श्रीफळ, 'मनमिळाऊ, कामसू, सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या'. ही भाषणं मी इतकी ऐकलीत की कुणाच्याही नावानं चालतील. त्यात त्या माणसाच्या कामाबद्दल एक वाक्य नसतं. मला राग येतो तो याचा. मागे आमचे शिपाईमामा ६० वर्षांचे होऊन निवृत्त झाले. अभिलेख कक्षातली कुठली फाईल कुठल्या कापडात, कुठल्या रॅकवर, हे डोळे मिटून सांगणारा तो माणूस होता. भाषणात त्याच्या चहाचं कौतुक झालं. नंतरच्या आठवड्यात एक जुनी फाईल शोधायला दोन जण धुळीत उतरले.

म्हणून मी वरिष्ठांना लेखी विनंती केलीय. माझ्या समारंभाचा खर्च करू नका. त्याऐवजी जो कुणी माझं टेबल घेणार आहे, त्याला शेवटचे काही आठवडे माझ्याशेजारी बसवा. खुर्चीच द्या, आदेश नको. जुन्या कार्यालयांत फोन कुणाला करायचा, त्रुटी कशा येतात, एकटीचा फोटो घेऊन आलेल्या बाईला आधी बसायला सांगून मग कागद मागायचे, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नाही. अजून उत्तर आलेलं नाही. एक पोरगा मात्र आपणहून दुपारच्या सुट्टीत येऊन बसायला लागलाय, वही घेऊन.

निवृत्तीनंतर आधी मी झोपणार आहे, भरपूर. जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्याला पूर्ण जायचंय, आजवर रजेच्या हिशोबात ते जमलं नाही. सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस आपल्या सोयीची आहे. आणि परभणीतच महिन्यातून एक सिनेमा दाखवायचा विचार आहे, खास करून ज्यांना खालची अक्षरं वाचता येत नाहीत अशा बायांसाठी. मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. मायला तसं फारसं सांगावं लागत नाही, तरी तीही येणार म्हणते. 'उम्बर्तो डी'पासून सुरुवात करू. जागा बघून ठेवलीय, पडद्याला पांढरी चादर आहे. प्रोजेक्टर कुणाकडं असेल, नाहीतर कुणाच्या शाळेत पडून असेल, तर मला कळवा.