तीच तलावपाळी, तेच फ्लेमिंगो

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर वाद पेटला. आमच्यातला एक जण ठाण्यातच चित्रकार आहे. त्याने तलावपाळीचं, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याच्या काठाचं, नवं जलरंगचित्र टाकलं आणि दुसऱ्याने लगेच लिहिलं, "तुम्हा लोकांना दुसरं काही सुचतच नाही का रे? तलावपाळी, कौपिनेश्वराचं देऊळ, नाहीतर भिंतीवर फ्लेमिंगो!" मग रात्रभर दोन तट. मी नेदरलँड्समध्ये हार्लेमला राहतो. ठाण्यात असताना मीही हीच तक्रार करायचो. आता ती मला पटत नाही, पण तिच्यातला एक भाग खरा आहे असं वाटतं.

सतराव्या शतकात याकोब फान रॉइसडाल नावाचा चित्रकार इथे हार्लेममध्येच जन्मला. पुढे तो अ‍ॅमस्टरडॅमला राहायला गेला आणि तिथून आपलं गाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. वाळूच्या टेकडीवरून दिसणारं हार्लेम, क्षितिजावर सेंट बाव्होचं चर्च, आणि वर दोन तृतीयांश नुसतं आभाळ. एकच विषय, कितीतरी चित्रं. त्यातलं 1670च्या सुमाराचं एक हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. पुढच्या शेतांत पांढरे लांब पट्टे दिसतात. ती उन्हात पसरलेली लिननची कापडं आहेत. कापड शुभ्र करून देणं हा हार्लेमचा नावाजलेला धंदा होता. म्हणजे देखाव्यात गावाचं पोट आहे.

आपल्या चित्रांत मला हेच सापडत नाही. तलावपाळी शंभर वेळा काढा, काही बिघडत नाही. पाणी रोज वेगळं असतं. पण चित्रातल्या ठाण्यात कामाला जाणारा माणूस का नसतो? एमआयडीसीची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, 1962 पासून इथे आहे. आमच्या वाड्यातल्या निम्म्या घरांची चूल तिच्यावर पेटली. पहाटेची पाळी सुटताना फाटकाबाहेर चहाच्या गाडीभोवती जमलेली माणसं मी कुठल्याच कॅनव्हासवर पाहिली नाहीत. चेंदणी कोळीवाडा दिसतो, पण सुबक होड्यांचा. खाडीच्या काळ्या चिखलात मांडीपर्यंत रुतलेला कोळी नसतो.

फ्लेमिंगोंचंही तेच. ठाणे खाडीत 2015 साली अभयारण्य झालं, 2022 साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, आणि नवी मुंबईच्या भिंती गुलाबी झाल्या. ते रंगवणाऱ्या पोरांचं मला कौतुकच आहे, उन्हात शिडीवर उभं राहणं सोपं नाही. पण ऐरोलीहून बोटीने जाऊन पाहा. पिल्लं करडी, मळकट असतात. मोठे पक्षी चोच उलटी करून पाण्यातून खाणं गाळत असतात. त्यांचं सारं लक्ष खाली, चिखलात. भिंतीवरचे मात्र सगळे एकसारखे गुलाबी, मान डौलदार वळवून उभे. ते फोटोवरून आलेत हे कळतं. आउटडोअरला, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर बसून, ओहोटीची वाट बघून काढलेला एक करडा फ्लेमिंगो मला त्या अख्ख्या भिंतीहून मोलाचा वाटेल.

चित्रकार मित्र म्हणाला, "असली चित्रं घेणार कोण? तुझ्या वागळे इस्टेटचा चहावाला दिवाणखान्यात लावशील?" त्याचं चुकत नाही. घोडबंदर रोडच्या नव्या घरांत भिंतीवर छापील बुद्ध किंवा धावणारे घोडे असतात. आपल्या शहराचं चित्र विकत घ्यायची सवय आपण लावूनच घेतली नाही, आणि चित्रकारालाही घर चालवायचं असतं.

मी त्याला म्हटलं, मी लावीन, तू काढ. परवा त्याने कच्चं रेखाटन पाठवलं: कळव्याचा पूल, ओहोटी, चिखलात वाकलेले दोघे. आभाळ त्याने अगदी थोडं ठेवलंय. डिसेंबरात ठाण्याला घरी जाईन तेव्हा ते चित्र इकडे घेऊन येणार आहे. इथे खिडकीशेजारची जागा मोकळी केली आहे.