बटलर पुरेपूर वसूल कसा करायचा

अभिनंदन! क्रूझवर बटलरवाला, म्हणजे दिमतीला खास माणूस असलेला, सुइट बुक केलात. साध्या बाल्कनी केबिनच्या कितीतरी पट पैसे मोजलेत आणि आता बुकिंगचा मेल पुन्हा पुन्हा उघडून बघताना पोटात गोळा येतोय की एवढ्या पैशात नक्की मिळणार काय. मोठा सोफा, मोठी बाल्कनी, बाथटब, ते सगळं ठीक आहे, पण सोफा जागचा हलत नाही, त्याच्याकडून जास्तीचं काही काढून घेता येत नाही. बटलर हलतो. म्हणजे वसुली करायची तर ती त्याच्याकडूनच, हे गणित पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं ठेवा.

बटलर नक्की काय काय करतो हे आधी वाचून वगैरे जाऊ नका. वाचलंत तर कळेल की हे कंपनीगणिक बदलतं, म्हणजे सिल्व्हरसीवर प्रत्येक सुइटला बटलर, क्युनार्डवर क्वीन्स ग्रिल नावाच्या वरच्या वर्गाच्या सुइटवाल्यांना आहे पण एक पायरी खालच्या प्रिन्सेस ग्रिलवाल्यांना नाही, एमएससीचा यॉट क्लब आणि नॉर्वेजियनचं हेवन म्हणजे तर जहाजाच्या आतच कार्ड लावून शिरायचं वेगळं जहाज, आणि रॉयल कॅरिबियनच्या स्टार क्लासमध्ये त्याला बटलर म्हणतच नाहीत, रॉयल जीनी म्हणतात. एवढं कळलं की अपेक्षा जागेवर येतात आणि अपेक्षा जागेवर आल्या की भांडायला काही उरत नाही. त्यापेक्षा पांढरे हातमोजे घातलेला, कमरेत वाकून बोलणारा एखादा म्हातारा डोळ्यासमोर धरून जा आणि दार उघडल्यावर हसऱ्या चेहऱ्याचा तिशीतला पोरगा दिसला की लगेच तोंड पाडा.

पहिल्या दिवशी दुपारी तो ओळख करून द्यायला येतो. पूर्ण प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं हीच, त्यामुळे ती नीट वाया घालवा. तो विचारेल उशा कशा लागतात, मिनीबारमध्ये काय ठेवू काय काढू, सकाळी कॉफी किती वाजता, ब्रेकफास्ट खोलीत की खाली, कुठल्या रात्री कुठल्या रेस्टॉरंटचं टेबल हवंय, कशाची ॲलर्जी आहे का. प्रत्येकाला एकच उत्तर, 'नाही नाही, काही नको, तुम्ही कशाला त्रास घेता.' ज्यांना सवय आहे ते लोक म्हणे तिथेच सगळं सांगून टाकतात, रोज साडेसातला काळी कॉफी, संध्याकाळी बर्फ, दारू काढून नुसतं सोडा-पाणी भरा, आणि मग आठवडाभर एकदाही फोन न करता सगळं आपोआप होत राहतं. यात काय मजा आली? बटलरला कामाला लावलेलं दिसलंच नाही तर वसुली झाली हे कळणार कसं? तुम्ही रात्री अकराला उशी फार मऊ आहे म्हणून फोन करा, साडेअकराला ही फारच कडक आहे म्हणून, आणि बाराला पहिलीच बरी होती म्हणून.

याच गडबडीत मस्टर ड्रिलची, म्हणजे संकटात जहाजावर कुठे जमायचं याच्या सरावाची, घोषणा होते. तुमच्या मनात साहजिकच येईल की आपल्या वतीने बटलरच जाऊन येईल की. नाही जमत. २०१२ च्या जानेवारीत कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली, आणि त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं. मग नियम बदलला, २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या झालंच पाहिजे, सुइट असो नाहीतर बिनखिडकीची केबिन. शिवाय बटलरलाही इमर्जन्सीची ड्युटी नेमून दिलेली असते. म्हणजे चार वाजता जो तुमच्यासमोर कॅनपेजचा (एका घासाच्या खाण्याचा) ट्रे धरतो, वेळ आली तर तोच तुम्हाला लाइफजॅकेट घालून बाहेर काढणाऱ्यांत असणार. हे लक्षात आलं की त्याच्यावर डाफरणं जरा जड जातं, म्हणून लक्षात येऊ देऊ नका.

आता बॅगा. बॅगा उघडून कपडे कपाटात लावून देणं हे बटलरच्या कामात बसतं, आणि बुकिंग करताना सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटलेलं असतं. प्रत्यक्ष वेळ आली की आठवतं की वरच रंग उडालेलं बनियन आहे, औषधांची भलीमोठी पिशवी आहे, आणि मागच्या हॉटेलातून उचललेल्या शांपूच्या बाटल्यासुद्धा. घाबरायचं नाही. आधी आपणच बॅग रिकामी करायची, नको त्या वस्तू लपवायच्या, उरलेल्या कपड्यांना छान घड्या घालून ते परत बॅगेत भरायचे आणि मग फोन करून सांगायचं, या, बॅग लावायचीये. हाच नियम रोज सकाळी पाळा. तो यायच्या आधी अंथरूण सारखं करा, बेसिन पुसून घ्या, खुर्चीवरचे ओले टॉवेल उचला, केस विंचरा, बरे कपडे घाला. मग तो येऊन विचारेल 'आणखी काही करू का?' आणि करण्यासारखं काही ठेवलेलंच नसेल तुम्ही, तेव्हा उगाच एक लिंबू मागवा.

सेवा घ्यायची कशी हे खरं तर क्वीन मेरी २ वरच्या कुत्र्यांकडून शिकण्यासारखं आहे. त्या जहाजावर कुत्र्या-मांजरांसाठी केनेल आहे, २०१६ च्या दुरुस्तीत ते वाढवून २४ जणांची सोय केली, सांभाळायला वेगळा केनेल मास्टर, आणि पाय वर करायला इंग्लंडचा दिव्याचा खांब नि न्यूयॉर्कच्या फुटपाथवर असतो तसला अग्निशमनाचा नळ, म्हणजे कुठल्याच देशाच्या कुत्र्याला परकं वाटायला नको. पण केनेल मास्टर येणार म्हणून एकाही कुत्र्याने कधी स्वतःचं अंथरूण आवरलेलं नाही. तो प्रॉब्लेम फक्त सुइटवाल्यांचा.

इस्त्री घरून न्याच. केबिनमध्ये इस्त्री, स्टीमर, मेणबत्ती यातलं काही चालत नाही कारण भर समुद्रात आग लागली तर जाणार कुठे (२००६ च्या मार्चमध्ये स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजावर बाल्कनीत आग लागून केबिनच्या केबिन जळाल्या होत्या, कारण बहुधा सिगारेटचं थोटूक), पण आपला सुइट आहे ना, आपल्याला कोण विचारतंय. सिक्युरिटीवाले इस्त्री काढून ठेवतील. मग बटलरच्या मागे लागा की माझी इस्त्री सोडवून आण. तो शांतपणे सांगेल की कपडे द्या, मी प्रेस करून आणतो, बुटांना पॉलिश पण करून आणतो. ऐकू नका, तत्त्वाचा प्रश्न आहे. शेवटी दिलेतच कपडे तर पंधरा मिनिटांत परत मागा. ते खालच्या डेकवरच्या लाँड्रीत जातात, क्रूच्या त्या लांबच लांब पॅसेजमधून, ज्याला बऱ्याच जहाजांवर अमेरिकेतल्या हायवेवरून आय-९५ म्हणतात, तिथे ट्रॉल्या, कचरा, भाजीचे क्रेट आणि ड्युटीवर पळणारी माणसं सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. तुम्हाला ते दिसत नाही. तुमच्या दृष्टीने शर्ट भिंतीत शिरतो आणि कडक होऊन भिंतीतून बाहेर येतो, मग वेळ लागायचं कारणच काय?

ब्रेकफास्ट बाल्कनीत. याबाबतीत तडजोड नाही. टेबलावर पांढरं कापड, आधी फळं, मग अंडी, मग पॅनकेक, एकेक कोर्स करत आणून देतात, आणि जहाज सोळा-अठरा नॉट्सनी चाललेलं असल्यामुळे दुसऱ्या कोर्सला नॅपकिन उडून जातो आणि तिसऱ्याला अंडी गार होतात. तो आत उभा, तुम्ही बाहेर ताठ बसलेले, दोघंही एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करताय, तुम्हाला खरं म्हणजे खाली बुफेत जाऊन नाइट सूटवर दोन टोस्ट खायचेत पण ते तर फुकटच आहेत, सगळ्यांनाच मिळतात, मग सुइटचा उपयोग काय. ऑर्डर मात्र बंदराच्या दिवशी बरोबर साडेआठची द्यायची. बाकीच्या सगळ्या सुइटवाल्यांनीही साडेआठचीच दिलेली असते, आणि पावणेनऊला दार वाजलं की 'आज उशीर झाला' हे वाक्य वापरायची संधी चालून येते. ज्यांनी सव्वासातची किंवा साडेनऊची दिली ते बसले असतील गरम अंडी खात, त्यांचं त्यांना लखलाभ.

दुपारचे कॅनपेज हा याहून गंभीर विषय. रोज चार-साडेचारला छोट्या छोट्या खाण्याची एक प्लेट येते. तुम्ही दोन वाजता जेवलेले, सातला परत जेवणार, भूक अशी काही नसतेच, पण नको म्हणालात तर पैसे बुडाले. म्हणून स्विमिंग पूलवरनं घाईघाईने ओल्या चपलांनी परत यायचं, प्लेट ताब्यात घ्यायची, त्यातले दोन खायचे, बाकीचे मिनीबारच्या फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ताजे येतात तेव्हा आदल्या दिवशीचे संपवणं हे कर्तव्य होतं. प्रवास संपेपर्यंत फ्रिजमध्ये कोरड्या पडलेल्या सामन माशाची एक लायब्ररी तयार होते. आज त्याऐवजी नुसतं चीज आणि फळं चालतील का किंवा आज काहीच नको, असं एका वाक्यात सांगता येतं खरं. पण मग त्याला वाटेल यांना काही लागतच नाही.

फोनवर बटलरसाठी वेगळं बटण असतं आणि काही कंपन्या चोवीस तास बटलर म्हणून जाहिरात करतात. याचा अर्थ एकच माणूस चोवीस तास जागा, असाच घ्यायचा. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला. त्यातल्या विश्रांतीच्या हिशोबाप्रमाणे जहाजावरच्या माणसाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते, तीही सलगच पाहिजे असं नाही, दोन तुकडे चालतात, फक्त एक तुकडा ६ तासांचा हवा. आता कागद-पेन घ्या. १६८ वजा ७७, म्हणजे आठवड्याचे ९१ तास तो कायद्याने कामाला उपलब्ध आहे, आणि सुट्टीचा दिवस म्हणाल तर कॉन्ट्रॅक्टचे महिने संपेपर्यंत तो प्रकार नसतोच. समजा त्याच्याकडे बारा सुइट असतील तर तुमच्या वाट्याला आठवड्याचे साडेसात तास येतात. हे साडेसात तास रोज वहीत मांडत चला. रात्री दोनला दुसराच कोणी आला की विचारा, 'आमचा कुठाय?' झोपलाय म्हणाले तर तो झोपेचा वेळ आपल्या खात्यातून नाही ना गेला, तेवढं बघून घ्या.

त्याला जे जमतं ते सांगू नका, जमत नाही तेच सांगा. स्पाची वेळ, रेस्टॉरंटचं टेबल, जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या टेंडर बोटीला आधी नंबर, मेन डायनिंग रूमचं जेवण खोलीत, बाथटब सुगंधी तेल घालून भरून ठेवणं (समुद्राचंच पाणी मीठ काढून गोडं करतात आणि त्यात तुम्ही लोळता, चालू द्या) हे सगळं तो करतो, म्हणून त्यात काही राम नाही. त्याला सांगा की जहाज फार हलतंय. त्याला सांगा की आम्हाला बंदरावर शॉपिंगला अर्धा तास जास्त लागेल, कॅप्टनला कळवून ठेव. मधूनमधून आपुलकीही दाखवायची बरं का, नाहीतर लोक माणुसघाणे म्हणतील. त्याच्या मुलांचे फोटो बघायचे आणि हातात ट्रे असताना विचारायचं, 'मग एवढे महिने पोरांना सोडून राहवतं कसं हो तुम्हाला?' आणि उत्तराची वाट न बघता टोस्टला लोणी लावायला घ्यायचं.

शेवटच्या रात्री बॅगा भरायलाही तो मदत करतो. बॅगा झोपायच्या आधी दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. त्याला फक्त 'सगळं भरून टाक' एवढंच म्हणा आणि शो बघायला जा. सकाळी तुमच्याकडे बाथरोब, पासपोर्ट आणि डिनरचे काळे बूट असतील.

टिपचं काय? मोठ्या जहाजांवर रोजचा सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लागतो, सुइटला जास्त लागतो, काही ठिकाणी बटलर त्यात धरलेला नसतो आणि त्याला वेगळे द्यायचे असतात, अगदी उंची कंपन्यांत सगळं भाड्यातच असतं. या गोंधळाचा फायदा घ्या. जिथे वेगळे द्यायचेत तिथे 'बिलात असेल की' म्हणा आणि जिथे बिलात आहेत तिथे गेस्ट सर्व्हिसेसच्या रांगेत उभं राहून ते काढून टाका, आम्ही हातात देऊ म्हणून. मग हातात थँक यू कार्ड द्या. मनापासून लिहिलेलं. कार्ड पगारात जमा होत नाही पण मनापासून लिहिलेलं आहे.

नंतर फीडबॅकचा फॉर्म येतो. तिथे 'उत्कृष्ट' सोडून काहीही टिक केलं की वर विचारणा होते, नावानिशी कौतुक लिहिलं तर त्याच्या नोकरीत उपयोग होतो, हे जहाजावर सगळ्यांना माहिती असतं. तुम्ही 'चांगला' वर टिक करा. उत्कृष्ट असं जगात काही नसतंच, सुधारणेला वाव ठेवावा माणसाने. नावाच्या जागी 'उंच मुलगा' लिहा.

आणि उतरायच्या आधी फ्यूचर क्रूझच्या डेस्कवर जाऊन पुढच्या वर्षीच्या सुइटचं डिपॉझिट भरताना ठणकावून सांगा की आम्हाला हाच बटलर पाहिजे. डेस्कवरची मुलगी म्हणेल की तोवर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असेल, मग सुट्टी, मग कुठलं जहाज मिळेल सांगता येत नाही. तेव्हा तिला तुमची नाराजी नीट कळू दे, एवढी मेहनत घेऊन आत्ता कुठे वळण लावलं होतं त्याला.